गाडी दर उन्हाळ्यात तापते, दुरुस्त करू की काढून टाकू? आधी फॅनला किती व्होल्ट पोहोचून राहिले ते पाहा

प्रॉब्लेम आधी सांगतो. 2010 ची पेट्रोल हॅचबॅक, 1.2 लिटर, 96 हजार किलोमीटर, एमएच 31 म्हणजे नागपूर पासिंग. नोव्हेंबर ते फेब्रुवारी काही म्हणता काही तक्रार नाही. मार्च संपला की टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागतो, एप्रिलमध्ये सिग्नल आला की एसी बंद करावा लागतो, आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की गाडी घरी आणि आम्ही ऑटोत. असं एकदा नाही, लागोपाठ चार उन्हाळे झालं.

दर उन्हाळ्यात वेगळा मेकॅनिक आणि वेगळा पार्ट. 2022 ला रेडिएटर फ्लश आणि नवीन कूलंट, 2800 रुपये. 2023 ला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं पाणी रेडिएटरकडे कधी सोडायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह, काढून फेकला आणि फॅन डायरेक्ट करून दिला, 1900. 2024 ला वॉटर पंप आणि बेल्ट, 6900. म्हणजे 11,600 रुपये गेले आणि गाडी जशी तापत होती तशीच तापून राहिली. तिघांचं शेवटचं वाक्य मात्र एकच, भाऊ, गाडी जुनी झाली ना आता, काढून टाका.

मी मेकॅनिक नाही. एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल लॅबला असिस्टंट आहे, त्यामुळे हातात मल्टीमीटर असतो आणि कोणी नुसतं बघून सांगितलं की मला पटत नाही, एवढंच माझं क्वालिफिकेशन समजा.

कडेलोट झाला 2025 च्या एप्रिलमध्ये. वर्ध्याला मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, परत येताना दुपारचे अडीच वाजले, बाहेर 44 च्या आसपास. सेलूपासून बुटीबोरीपर्यंत गाडी 80 ने मस्त आली, काटा अर्ध्याच्या खाली. बुटीबोरीच्या चौकात ट्रक अडकलेले, दहा मिनिटं जागेवर, आणि काटा लाल पट्टीला. पुढे बायको, मागे आई आणि आहेराचे डबे. मी एसी बंद केला, काचा उघडल्या आणि हीटर फुल लावला. हीटर का, तर हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि तेवढी उष्णता केबिनमध्ये निघून जाते. उपाय शास्त्रशुद्ध आहे, पण एप्रिलच्या दुपारी आईला हे समजावून सांगा बरं. काटा थोडा खाली आला, तेवढ्यात गाडी बाजूला घेतली.

तिथे एक भला माणूस थंड पाण्याची बाटली घेऊन धावत आला आणि बोनेट उघडून कॅपला हात घालणार तोच मी त्याला अडवलं. हे लक्षात ठेवा बाप्पा, तापलेल्या इंजिनची रेडिएटर कॅप उघडायची नाही, आत प्रेशरखाली शंभरच्या वरचं पाणी असतं, कॅप सैल झाली की एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. आणि तापलेल्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, थंडगार पाणी ओतलं तर हेड वाकू शकतं किंवा तडकू शकतं, मग जो प्रॉब्लेम पाच हजाराचा होता तो पंचवीसचा होतो. चाळीस मिनिटं थांबलो, कडुलिंबाच्या सावलीत, आईने आहेरातला चिवडा फोडला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, आता बस, नवीन घेऊ. आरसी पण जुलैमध्ये संपत होती, 15 वर्षं पूर्ण. तिचं चूक नव्हतं. पण मला एक गोष्ट खुपत होती. गाडी काढायची की ठेवायची हे आपण चार वर्षं बोलून राहिलो आणि गाडीला नेमकं झालं काय हेच कोणाला माहीत नाही. रोग माहीत नसताना ऑपरेशन करायचं की नाही याच्यावर घरात वाद घालण्यासारखं होतं ते.

तर इथून पुढे मी जे केलं ते. तुमचीही गाडी उन्हाळ्यात तापत असेल तर शोरूमला जाण्याआधी एक रविवार यात घाला.

पहिला प्रश्न, गाडी कधी तापते? हे मला एकाही गॅरेजमध्ये कोणी विचारलं नाही, आणि अर्धं उत्तर इथेच असतं. उभी असताना, सिग्नलवर, एसी लावून तापते आणि पळायला लागली की थंड होते, तर हवेचा प्रॉब्लेम, म्हणजे फॅन किंवा रेडिएटरसमोरचा कचरा. कारण 80 च्या स्पीडला समोरून येणारी हवाच काम करून टाकते, फॅनची गरज पडत नाही. उलट शहरात ठीक आणि हायवेला, चढावर, पाच माणसं बसवून तापते तर पाण्याचा प्रॉब्लेम, रेडिएटर आतून चोक किंवा वॉटर पंप गेलेला, किंवा हेड गॅसकेट, म्हणजे हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधली पॅकिंग, गेलेलं. आणि घरून निघाल्यावर पाच मिनिटांत तापते तर कूलंटच नाही किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला. माझी केस सरळ पहिली होती, बुटीबोरीला शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं. तरी आम्ही पाण्याच्या बाजूचेच पार्ट बदलत बसलो, वॉटर पंपासकट.

मग फॅन. फॅन तर फिरत होता. तिघांनीही बोनेट उघडून पाहिलं, फॅन चालू आहे म्हणाले आणि पुढे गेले. मीही तेच पाहत होतो. पण घरातला कूलरचा पंखा सुद्धा व्होल्टेज कमी असलं की फिरतो, हवा देतो का ते सांगा. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला, 13.8 व्होल्ट. फॅनच्या कनेक्टरला लावला, 9.6. वाटेत चार व्होल्टपेक्षा जास्त गायब. वायर धरून मागे मागे गेलो तर 2023 चा तो डायरेक्टवाला जोड सापडला. मूळ रिले, म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, सोडून इग्निशनवरून एक बारीक वायर ओढलेली, नुसती पिळून जोडलेली, वरून काळा टेप, आणि टेप वितळून गुळाच्या पाकासारखा चिकट झालेला. क्लॅम्प मीटरने करंट पाहिला, दहा अँपियरच्या जरा आत. आता गुणाकार करा, चार व्होल्ट आणि दहा अँपियर म्हणजे चाळीस वॅट त्या एका जोडात जळत होते. आमच्या लॅबचं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं आहे. गाडीला आग लागली नाही हे नशीब.

म्हणजे जो उपाय म्हणून केला तोच दोन वर्षं रोग होऊन बसला होता. त्याच्या आधीचं मूळ कारण मोटर काढल्यावर दिसलं, ब्रश झिजून संपत आलेले आणि बुश इतका सैल की पातं हाताने हललं.

दुसरी गोष्ट सापडली ती बघून मलाच लाज वाटली. एसीचा कंडेन्सर, तोही रेडिएटरसारखीच जाळी, पुढे असतो आणि त्याच्या मागे बोटभर अंतरावर रेडिएटर. समोरून ग्रीलमधून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, कारण तो आपण धुतो. पण दोघांच्या मधल्या फटीत टॉर्च मारला तर आत गोधडी. धूळ, लिंबाचा मोहोर, सावरीचा कापूस, मेलेले किडे, सगळं एकावर एक बसून नमद्यासारखं झालेलं. आमची गाडी लिंबाखाली उभी असते आणि चार वर्षं आमच्या रस्त्याचं सिमेंटीकरण चालू होतं, त्याचं फळ. हे प्रेशर पंपाने समोरून मारून निघत नाही, उलट आणखी आत दबतं आणि ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या वाकतात. रेडिएटर बाहेर काढावा लागतो आणि इंजिनच्या बाजूने बाहेर पाणी मारून धुवावा लागतो, साध्या पाइपाने, हळू.

रेडिएटर आतून चोक आहे का ते कसं पाहिलं ते सांगतो, कारण बरेच लोक यात फसतात आणि नवीन रेडिएटर घेऊन बसतात. लॅबमधून इन्फ्रारेड थर्मामीटर आणला होता, बंदुकीसारखा असतो तो. इंजिन गरम करून रेडिएटरवर जागोजागी रीडिंग घ्यायचं. पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खोटं बोलतो, खूप कमी दाखवतो, म्हणून साध्या मास्किंग टेपचे सहा तुकडे चिकटवले आणि टेपवर मारलं. वर 94, खाली 78, मध्ये कुठेही अचानक थंड पट्टा नाही. थंड पट्टा म्हणजे तिथल्या नळ्या बंद. माझा वाचला होता. पण वाचेलच असं नाही, कारण आपल्याकडे नळाला पाणी नसलं की बोअरचं, आणि कूलंट कमी झालं की लोक तेच रेडिएटरमध्ये ओततात. कूलरच्या जाळीवर दोन महिन्यांत जो पांढरा थर जमतो ना, खरवडला तरी निघत नाही, तोच थर रेडिएटरच्या आत जमतो, फक्त दिसत नाही. तातडीला काही नसेल तर बाटलीबंद पाणी घाला, पण बोअरचं नको.

कॅप पण बदलली. 280 रुपयांची वस्तू, कोणी बघत नाही. तिचं काम कुकरच्या शिट्टीचं, आत 0.9 बार प्रेशर धरून ठेवते म्हणून पाणी शंभरला न उकळता 118-120 पर्यंत टिकतं. कुकरचं रबर सैल झालं की डाळ शिजत नाही, तसं कॅपचं रबर गेलं की कूलंट आधीच उकळून रिझर्व्हॉयरमध्ये पळतं.

आणि थर्मोस्टॅट परत बसवला. यावर माझं दोन मेकॅनिकांशी भांडण झालं. आपल्याकडे उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धतच आहे, गरम मुलुख आहे, कायले पाहिजे तो व्हॉल्व्ह म्हणतात. पण तो साधारण 82 डिग्रीला उघडतो आणि इंजिन ठरलेल्या तापमानात ठेवतो. नसला तर थंडीत इंजिन लवकर गरम होत नाही, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे, तो जास्त पेट्रोल देत राहतो. माझा ॲव्हरेज 15 वरून साडेबाराला आला होता आणि मी पेट्रोलपंपवाल्याला शिव्या देत होतो. वर गंमत अशी की बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की पाण्याला रेडिएटर टाळून जाणारा आडमार्ग कायमचा उघडा राहतो, म्हणजे काही पाणी थंड न होताच परत इंजिनात जातं. थंड करायला काढलेली वस्तू तापवायला मदत करते.

एकूण बिल: फॅन मोटर 2600, रिले आणि नीट वायरिंग 650, कॅप 280, थर्मोस्टॅट 750, चार लिटर कूलंट 1200, रेडिएटर उतरवून धुणं आणि मजुरी 1800. झाले 7280.

पण थांबा, हे पैसे घालण्याच्या आधी एक काम केलं, ते याच क्रमाने करायचं. चार उन्हाळे तापलेल्या इंजिनचं हेड गॅसकेट जिवंत आहे का ते पाहिलं. मेलेलं असेल तर फॅन लावून काय उपयोग. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कॅप उघडून स्टार्ट केलं, पाण्यात बुडबुडे येतात का पाहिलं. ऑइलची डिपस्टिक, ऑइल फिलरची कॅप, दुधाच्या चहासारखं काही दिसलं तर समजून जायचं. स्टार्ट केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, दगडासारखा कडक होतो का, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही का. मग ओळखीच्या एका गॅरेजमध्ये ब्लॉक टेस्ट, म्हणजे निळं औषध असलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात, जळका गॅस पाण्यात येत असेल तर निळं पिवळं होतं. माझं निळंच राहिलं. प्लग काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, पाहिलं, 165, 160, 165, 155 पीएसआय. शेवटचा जरा कमी पण घाबरण्यासारखा नाही. हे सगळं मिळून 900 रुपये लागले, आणि चार वर्षांत मी खर्च केलेल्या पैशातले हे सगळ्यात शहाणे 900.

आता मुख्य मुद्दा, ठेवायची की काढायची.

आपण सगळे एक हिशोब करतो तो मला चुकीचा वाटतो. गाडीची किंमत 60 हजार, तिच्यावर 50 हजार खर्च कशाला. मला एक्स्चेंजला 45 म्हणाले, जुन्या गाड्यांवाला 60 म्हणाला. पण मी 50 हजार घालून गाडी विकणार थोडाच आहे, मी ती चालवणार आहे. मग तुलना गाडीच्या किमतीशी नाही, पुढची दोन वर्षं दुसऱ्या मार्गाने फिरायला किती लागतील त्याच्याशी. मी कागदावर मांडलं. हे 7280. टायर संपत आलेत, चार म्हणजे 14,400. बॅटरी 4200. सस्पेन्शनचे बुश आणि लिंक 7500. क्लच बहुतेक जाईल, 7000. मिळून 40 हजाराला थोडे वर. त्यात आरसी रिन्यूअल, पर्यावरण कर, पीयूसी वगैरे धरून 50 समजा. इन्शुरन्स नव्याला काय, जुन्याला काय, लागतोच, फक्त जुन्याला मी थर्ड पार्टी घेतो, माझ्या सीसीला 3416 अधिक जीएसटी.

समोर नवीन गाडी. सहा लाखाची म्हटली तरी महाराष्ट्रात पेट्रोलला 11 टक्के टॅक्स म्हणजे 66 हजार तिथेच, मग इन्शुरन्स. पाच लाख कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं, हप्ता 10,379. दोन वर्षांत अडीच लाख जातात आणि तीन वर्षं बाकी राहतात. आमची गाडी महिन्याला 350 किलोमीटर चालते, कारण बायको मेट्रोने जाते आणि मी स्कूटरने. एवढ्याशा वापराला दहा हजार हप्ता मला जड वाटला. तुमचा वापर महिन्याला दीड हजार किलोमीटर असेल तर माझं गणित तुम्हाला लागू नाही, सरळ सांगतो.

उदाहरण घरातच आहे. माझ्या मेहुण्याची डिझेल, माझ्याहून एका वर्षाने जुनी, रोज काटोल-नागपूर. हेड गॅसकेट दोनदा झालेलं, दुसऱ्यांदा हेड लेथवर घासून आणलं तरी सहा महिन्यांत परत बुडबुडे. पुढच्या शॉकॲबसॉर्बरचं वरचं टोक जिथे बॉडीला बसतं तिथे गंज, स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आत गेला. मी त्याला म्हटलं भाऊजी, यात आता एक रुपयाही नका घालू. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण ज्या पत्र्यावर चाक टांगलंय तोच सडला तर ती गाडी नाही राहिली. आपल्या विदर्भात कोरडी हवा, समुद्र नाही, त्यामुळे मुंबई-कोकणासारख्या गाड्या लवकर गंजत नाहीत, पण त्याच्या गाडीत वायपरखालच्या जाळीत पाला साचून पावसाचं पाणी आत उतरत होतं, वर्षानुवर्षं. माझ्याही गाडीत लिंबाचा पाला निघाला तिथून, पण वेळेत. तुम्हीही फूटमॅट उचलून खाली हात लावून बघा, ओलं असेल तर कुबट वास आधीच येत असेल.

त्याने मोडीत दिली, तीही नोंदणीकृत स्क्रॅप सेंटरला. तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, ते दाखवलं की नवीन गाडीची रजिस्ट्रेशन फी माफ होते आणि टॅक्समध्ये सवलत मिळते. गल्लीतल्या भंगारवाल्याने चार पैसे जास्त दिले तरी देऊ नका, कारण आरसी तुमच्याच नावावर राहते, उद्या त्या नंबरप्लेटवर काय होईल कोणी पाहिलं.

आता 15 वर्षांचं. मला किमान दहा जणांनी सांगितलं की 15 झाली, आता सरकार उचलून नेते. ते दिल्लीचं आहे हो. दिल्ली-एनसीआरमध्ये डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 चा नियम कोर्टाच्या आदेशाने आला, नागपूरला नाही. आपल्याकडे खासगी गाडीची आरसी आधी 15 वर्षांची असते, मग गाडी दाखवून पाच-पाच वर्षांसाठी रिन्यू होते. फॉर्म 25, संपायच्या 60 दिवस आधीपासून अर्ज करता येतो. कारची फी एप्रिल 2022 पासून 600 वरून 5000 झाली आहे, आणि 20 वर्षांवरच्या कारला ऑगस्ट 2025 पासून 10 हजार. म्हणजे 2030 ला मला पुन्हा रिन्यू करायची म्हटली तर 10 हजार, पण तोवर ही राहील असं मलाही वाटत नाही. त्याशिवाय पर्यावरण कर, चालू पीयूसी, इन्शुरन्स आणि एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, चारचाकीला 745 अधिक जीएसटी. ई-चलान बाकी असेल तर आधी भरून टाका, माझं एक निघालं, 2021 चं, सीटबेल्टचं, मला पत्ताच नव्हता. गिरीपेठच्या आरटीओत गाडी नेली, चेसिस नंबर पाहिला, लाइट, हॉर्न, ब्रेक, दीड तासात मोकळा. एजंटने साडेतीन हजार जास्तीचे मागितले होते.

ठेवायच्या बाजूने मी एवढं बोललो, तर दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर बायको वाचेल आणि म्हणेल सोयीचं तेवढं लिहिलं. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टिम, नाही. आता 2019 पासून नवीन गाडीला ड्रायव्हर एअरबॅग आणि एबीएस सक्तीचं आहे, आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटलाही 2021 पासून एअरबॅग आली. हा फरक कोणत्याही दुरुस्तीने भरून निघत नाही, मी कितीही फॅन बदलला तरी. समृद्धीला 120 ची मर्यादा आहे, तिथे ही गाडी न्यायची नाही हे मी मान्य केलं. उन्हाळ्यात सिमेंटचा रस्ता, जुना टायर, सलग वेग, यात टायर फुटतो आणि मग काय होतं ते बातम्यांत दिसतंच. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, माझ्या एकावर 2318 होतं, म्हणजे 2018 च्या 23 व्या आठवड्यातला. नक्षी चांगली होती, पण बोटाने दाबलं तर बाजूला बारीक चिरा. म्हणून टायरचे 14,400 मी लगेच घातले, त्यात थांबायचं काही नव्हतं.

पेट्रोलात आता 20 टक्के इथेनॉल येतं, ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून फ्युएल होज पण बदलून घेतले, वासावरून कळलं होतं की एक पाझरून राहिला.

सेकंडहँड पाच-सहा वर्षांची घ्यावी असंही डोक्यात होतं. दोन पाहिल्या. एकीचा कूलंट चहासारखा तपकिरी, दुसरीची रेडिएटर कॅप नवी कोरी आणि बाकी सगळं जुनं, विचारलं तर मालक म्हणे काही नाही, अशीच बदलली. अशीच कोणी बदलत नाही. माझा रोग मला माहीत आहे, दुसऱ्याचा विकत कशाला घेऊ.

टेस्ट कशी केली तर मे महिन्याच्या शेवटी, नवतप्यात, दुपारी दोन वाजता सीताबर्डीला व्हरायटी चौकाच्या आसपास एसी तीनवर लावून अर्धा तास फिरलो, मुद्दाम सिग्नल पकडत. काटा अर्ध्याच्या खाली, जागचा हलला नाही. फॅन लागतो आणि दीड-दोन मिनिटांत बंद होतो, आधी तो बंदच व्हायचा नाही, हेही लक्षात घ्या, सतत चालणारा फॅन म्हणजे चांगला फॅन नव्हे. ॲव्हरेज परत साडेचौदाला आला.

मग सप्टेंबरमध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 झाला आणि दसऱ्याला घरात विषय परत निघाला. पुन्हा कागद, पुन्हा हप्ता, थोडा कमी झाला खरा, पण 350 किलोमीटरला तो अजूनही जास्तच होता. बायको ऐकली, पण माझ्यावर विश्वास नाही तिचा, बरोबरच आहे, चार वर्षं मी फॅन फिरतोय फिरतोय म्हणत होतो. तिने गाडीच्या सर्व्हिस बुकच्या शेवटच्या पानावर माझ्याकडून लिहून घेतलं: हेड गॅसकेट गेलं, गिअरबॉक्स गेला, किंवा चाकाजवळ गंज निघाला, तर दुरुस्तीचा कोटेशनसुद्धा न मागता गाडी मोडीत. एका वर्षात टायर सोडून 25 हजाराच्या वर गेलं तरी तेच. खाली तारीख टाकून सही घेतली, आणि सहीच्या खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली, आईला घेऊन बुटीबोरीमार्गे जाताना चिवडा सोबत ठेवणे.